मोटारींतील ॲम्प्लिफायर मधूनच मुका कां होतो?

मोटारींत गाणें ऐन रंगांत आलेलें असावें, डग्ग्याचा घुमारा छातींत उतरावा, आणि नेमक्या त्याच क्षणीं सारें शांत व्हावें. मग पांचदहा सेकंदांनीं, जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटानें, आवाज पुन्हां सुरू व्हावा, हा अनुभव ज्यांनीं मोटारींत निराळा ॲम्प्लिफायर बसविला आहे अशा पुष्कळांना आलेला असतो. यावर सामान्यतः दोन उपाय होतात. ॲम्प्लिफायर 'खराब निघाला' असें ठरवून दुसरा आणला जातो, किंवा एकादा उत्साही कारागीर फ्यूज बदलून अधिक मोठा घालून देतो. पहिल्या उपायानें बहुधा पैसे वायां जातात. दुसऱ्यानें मोटारीला आग लागण्याची व्यवस्था होते. दोहोंच्या मुळाशीं एकच गैरसमज आहे, आणि तो असा कीं, गप्प होणें हाच यंत्राचा बिघाड. वस्तुतः बहुतेक प्रसंगीं तें यंत्र आपलें कर्तव्य चोख बजावीत असतें. त्याच्या पोटांत एक पहारेकरी बसविलेला असतो. बाहेर कांहीं विपरीत घडत आहे असें त्याला दिसलें, कीं तो दार लावून घेतो. संकट टळलें असें वाटलें, कीं उघडतो. तेव्हां प्रश्न पहारेकऱ्याला हांकलण्याचा नसून त्यानें काय पाहिलें हें शोधून काढण्याचा आहे.

त्यासाठीं ॲम्प्लिफायर, म्हणजे ध्वनिवर्धक, मोटारींत नेमकें काय करतो तें थोडक्यांत पाहणें अवश्य आहे. मोटारीची बॅटरी सहा घरांची. पूर्ण भरलेली आणि विसावलेली असतां तिचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट असतो, आणि इंजिन चालू असतांना अल्टरनेटर तो १३.८ ते १४.४ व्होल्टांपर्यंत चढवितो. एवढ्याशा दाबावर ४ ओहम रोधाच्या स्पीकरला २० वॉटांच्या आसपासच खरी शक्ति देतां येते. डॅशबोर्डांतील रेडिओच्या खोक्यावर याहून कितीहि मोठा आंकडा छापलेला असो, ओहमचा नियम छापखान्याला जुमानीत नाहीं. अधिक शक्ति हवी तर आधीं दाब वाढविला पाहिजे. म्हणून प्रत्येक मोठ्या ॲम्प्लिफायरमध्यें पहिला अर्धा भाग दाब वाढविण्याचा, आणि दुसरा अर्धा आवाज वाढविण्याचा असतो.

ही अडचण कांहीं नवी नव्हे. १९३० सालीं अमेरिकेंतील गॅल्व्हिन कंपनीनें 'मोटोरोला' या नांवानें मोटारीचा रेडिओ विक्रीस काढला, तेव्हांहि हाच प्रश्न उभा होता. बहुतेक अमेरिकन मोटारींची बॅटरी त्या काळीं अवघ्या ६ व्होल्टांची होती, आणि रेडिओच्या व्हॉल्व्हना तर शंभराहून अधिक व्होल्ट हवे असत. प्रथम निराळ्या कोरड्या बॅटऱ्या वागवाव्या लागत. पुढें 'व्हायब्रेटर' आला. बॅटरीचा सरळ प्रवाह सेकंदाला शंभराहून अधिक वेळां तोडून-जोडून तो ट्रान्स्फॉर्मरमधून दाब चढवून घेई, आणि तसें करतांना बारीक गुणगुणत असे. आजच्या यंत्रांत तीच तोडजोड ट्रान्झिस्टर करतात. सेकंदाला हजारों वेळां, आणि मुकाट्यानें.

दाब चढविला म्हणजे शक्ति फुकट मिळाली असें मात्र नाहीं. ४०० वॉटांचा खरा आवाज हवा असेल आणि यंत्र जुन्या पद्धतीचें असेल, तर सुमारें ४० टक्के शक्ति उष्णतेंत जाते. म्हणजे बॅटरीकडून साडेसहाशें वॉटांहून अधिक घ्यावे लागतात. १३.८ व्होल्टांवर हा प्रवाह जवळजवळ ४८ अँपिअर झाला. नव्या 'डी' वर्गाच्या यंत्रांत नासाडी कमी. तरी ३६ अँपिअर लागतातच. तुलनेसाठीं, मोटारीचे पुढचे दोन्ही हॅलोजन दिवे मिळून सुमारें ८ अँपिअर घेतात. गाणें सदोदित इतकी शक्ति मागत नाहीं हें खरें. पण डग्ग्याच्या प्रत्येक थापेला ती क्षणभर मागितली जाते, आणि ॲम्प्लिफायर मुका होण्याच्या बहुतेक कथा त्या क्षणींच घडतात.

तेव्हां हातांत पाना घेण्यापूर्वीं तीन गोष्टींकडे लक्ष द्यावें: आवाज कोणत्या वेळीं जातो, तो जातांना यंत्रावरील दिवा काय करतो, आणि शांतता किती वेळ टिकते. कारागिराकडे मोटार नेणाऱ्यानें एवढी टिपणी बरोबर नेली, तरी निम्में काम झालें असें समजावें. 'अधूनमधून बंद पडतो' या वाक्यावरून कोणालाच कांहीं कळत नाहीं.

दिवा हिरवा किंवा निळा जळत राहून नुसता आवाज गेला, तर ॲम्प्लिफायर जागा आहे. त्याला कोणी कांहीं सांगत नाहीं एवढेंच. दोष रेडिओंत किंवा रेडिओकडून येणाऱ्या ध्वनीच्या तारेंत शोधावा. या तारेच्या टोकाची खुंटी सैल असते, किंवा सीटच्या सरकत्या रुळाखालीं तार चेंगरलेली असते. तार हलवून पाहिल्यावर आवाज खरखरला, कीं निदान संपलें.

दिवा अजिबात विझला, तर यंत्राला शक्ति किंवा हुकूम यांपैकीं एक मिळेनासें झालें आहे. हुकमाची तार बारीक असते. रेडिओ सुरू होतांच तिच्यांतून १२ व्होल्ट येतात आणि ॲम्प्लिफायर जागा होतो. बाजारांतील रेडिओंत ती बहुधा निळी-पांढरी असते. तिच्याच शेजारीं दुसरी निव्वळ निळी तार असते, ती आपोआप वर येणाऱ्या एरियलसाठीं. कित्येक रेडिओंत या दुसऱ्या तारेंत आकाशवाणी लावली असतांनाच दाब असतो. मोबाइलवरचें गाणें लावलें कीं तो जातो. घाईंत ॲम्प्लिफायर या तारेला जोडला गेला, तर बातम्या नीट ऐकूं येतात आणि गाणें मात्र लागत नाहीं. असें झालें म्हणजे घरांत नाना तर्क चालतात. दुरुस्ती मात्र एक तार काढून शेजारच्या तारेला जोडण्याइतकीच असते.

परंतु सर्वांत अधिक आढळणारा प्रकार निराळा आहे. आवाज मोठा केला, खालच्या सुरांचा ठोका आला, कीं दिवा लाल होतो किंवा क्षणभर विझतो. थोड्या सेकंदांनीं सर्व पूर्ववत्. हलक्या आवाजांत तासन् तास तक्रार नाहीं. येथें पहारेकऱ्यानें पाहिलें आहे तें दाबाचें पतन. बहुतेक यंत्रें दाब १० व्होल्टांच्या आसपास उतरला कीं स्वतःला बंद करून घेतात. नेमका आंकडा यंत्रागणिक थोडा निराळा असतो. मालकानें मीटर लावून पाहिलें तर दाब १२.५ दिसतो, आणि 'करंट तर बरोबर येतो आहे' असा निकाल दिला जातो. हा निकाल चुकीचा कां, हें नीट समजून घेण्यासारखें आहे.

दाब वाटेंत हरवतो, आणि तो प्रवाहाच्या प्रमाणांत हरवतो. बॉनेटखालच्या बॅटरीपासून डिकींतील ॲम्प्लिफायरपर्यंत पांच मीटर तांब्याची तार गेली आहे, आणि तिची जाडी ४ चौरस मिलिमीटर आहे असें समजूं. तिचा रोध ओहमच्या पन्नासाव्या भागाच्या जवळपास. क्षुल्लक वाटतो खरा. पण ४० अँपिअरच्या थापेला तो ०.८६ व्होल्ट गिळतो. तीच तार २० चौरस मिलिमीटरची असती, तर ०.१७ व्होल्टांवर भागलें असतें. स्वस्त तारांच्या संचांत तर वरून तांबें आणि आंत ॲल्युमिनियम असतें. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारें दीडपट. त्यांतहि प्लॅस्टिकचें वेष्टण जाड ठेवून तार बाहेरून भरदार दाखविण्याची युक्ति आहे. म्हणून तार घेतांना ती कापून आंतील धातु पाहावा. वेष्टणावर जाऊं नये.

तरीहि धनाच्या तारेपेक्षां अधिक वेळां दोषी ठरते ती परतीची वाट, जिला कारागीर 'अर्थ' म्हणतात. ॲम्प्लिफायरमध्यें जितका प्रवाह शिरतो तितकाच तो बाहेर पडून बॅटरीकडे परत गेला पाहिजे. या परतीसाठीं निराळी लांब तार न टाकतां मोटारीच्या पोलादी सांगाड्याचाच उपयोग करतात. ॲम्प्लिफायरपासून हातभर तार घेऊन ती जवळच्या एकाद्या बोल्टखालीं दाबली जाते. मोटारीच्या पत्र्यावर रंग असतो, रंगाखालीं गंजरोधक लेप असतो, आणि हे दोन्ही विजेला आडवे येतात. बोल्टच्या आट्यांतून कसाबसा संबंध जुळतो, आणि काम झालें असें वाटतें. कोंकणपट्टींत पहिला पावसाळा गेला, खारट दमट हवा आंत शिरली, कीं पत्र्याला तांबूस आणि तारेच्या टोंकाला हिरवट बुरा चढतो. जोडाचा रोध ओहमच्या विसाव्या भागाइतका झाला, तरी ४० अँपिअरला २ व्होल्ट तेथेंच नाहींसे होतात. हे २ व्होल्ट जातात कोठें? त्या एका बोल्टपाशीं ८० वॉटांची उष्णता होऊन. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातांतील डाख देण्याचें हत्यार २५ वॉटांचें असतें. अशीं तीन हत्यारें गालिच्याखालीं ठेवल्यासारखें हें झालें.

आतां बेरीज करूं. इंजिन बंद, बॅटरी भाराखालीं ११.८ व्होल्टांवर आलेली, तारेंत ०.८६ गेले, अर्थमध्यें २ गेले. ॲम्प्लिफायरच्या दारीं ९ च्या थोडे खालींच पोंचले. पहारेकरी दार लावतो. दार लागतांच प्रवाह थांबतो. प्रवाह थांबतांच वाटेंतील गळतीहि थांबते. दाब एकदम १२ च्या वर येतो. पहारेकरी म्हणतो सर्व ठीक आहे, आणि गाणें सुरू होतें, पुढच्या थापेपर्यंत. पांच सेकंदांच्या त्या गूढ विरामाचें सारें रहस्य एवढेंच. मीटरवर १२.५ दिसण्याचेंहि कारण हेंच, कीं शांत बसलेल्या यंत्रासाठीं प्रवाह वाहतच नसतो. ओहम मोजणारा मीटरहि येथें फसवितो. तो मोजण्यासाठीं जो प्रवाह सोडतो तो इतका किरकोळ असतो, कीं तुटक्या तारेचा एकच केस शिल्लक असला तरी मीटर 'जोड पक्का' असें सांगतो. हा दोष ओझें असतांनाच दिसतो, आणि म्हणून परीक्षाहि ओझ्याखालींच घेतली पाहिजे.

परीक्षा घरच्या घरीं दोघांना करतां येण्यासारखी आहे. साधा डिजिटल मल्टीमीटर आणि चारपांच मीटर जोडतार एवढें साहित्य पुरे. मोटार उघड्यावर उभी करावी; बंद गॅरेजमध्यें इंजिन चालवूं नये, त्या धुरानें माणसें मरतात. मीटर सरळ प्रवाहाच्या २० व्होल्टांच्या घरावर ठेवावा. एकानें खालच्या सुरांचें भरीव गाणें मोठ्यानें लावावें. दुसऱ्यानें मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण टोंकाला आणि दुसरें ॲम्प्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूला लावून आंकडा पाहावा. परतीच्या वाटेवर जितका दाब हरवतो तितकाच हा आंकडा. तो ०.२ व्होल्टांच्या आंत असावा. एक व्होल्ट दिसला, तर चोर सांपडला. मग तीच परीक्षा बॅटरीचें धन टोंक आणि ॲम्प्लिफायरचें धन टोंक यांमध्यें करावी. येथें अर्ध्या व्होल्टाच्या पुढें आंकडा जाऊं नये. गेला तर मीटरचें टोंक मार्गावर पुढें पुढें सरकवीत न्यावें. बॅटरीजवळील फ्यूजच्या डबींत पुष्कळदां तो सांपडतो. डबीचें प्लॅस्टिक वितळून पिवळें पडलेलें असतें, आंतील पकड सैल झालेली असते.

अर्थचा जोड सुधारण्यांत कौशल्यापेक्षां चिकाटी अधिक लागते. आधीं बॅटरीचें ऋण टोंक सोडावें. मग जाड पत्र्याची जागा निवडून रुपयाएवढ्या भागावरचा रंग पॉलिश पेपरनें चकचकीत धातु दिसेपर्यंत खरवडावा. तारेच्या टोंकाला थिंबल दाबून बसवावें, तें थेट पत्र्यावर टेकवावें, दांतेरी वायसर घालून बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावून हवा बंद करावी. सीटच्या पट्ट्याचा बोल्ट मात्र कधींहि वापरूं नये. तो आयता मिळतो, जाड असतो, म्हणून कारागिरांना मोह पडतो. पण अपघातांत माणसाचा जीव त्याच बोल्टावर टांगलेला असतो.

वाटेंत कांहीं हरवत नाहीं, तरी दाब उतरतो, असें दिसल्यास मूळच आटलेलें आहे. बॅटरी जुनी झाली असेल, किंवा अल्टरनेटर पुरा पडत नसेल. संध्याकाळच्या गर्दींत मोटार जागच्या जागीं उभी आहे, इंजिन मंद फिरत आहे, दिवे, वातानुकूलन आणि पावसाचे वायपर सर्व चालू आहेत. अशा वेळींच आवाज जात असेल, तर संशय अल्टरनेटरवर घ्यावा, कारण मंद गतीला तो पुरा प्रवाह देऊंच शकत नाहीं. या ठिकाणीं दुकानदार बहुधा एक फॅरडचा चकचकीत कपॅसिटर सुचवितो. त्याचा हिशेब करून पाहावा. १४ व्होल्टांवरून १२ वर उतरतांना तो २६ ज्यूल देतो. ५०० वॉट मागणाऱ्या यंत्राला ते सेकंदाच्या विसाव्या भागापुरते. तेवढ्यापुरता तो उपयोगी आहे. आजारी अल्टरनेटरचें औषध तो नव्हे.

शांतता सेकंदांऐवजीं दहापंधरा मिनिटें टिकत असेल, आणि यंत्राला हात लावतां चटका बसत असेल, तर कारण उष्णता. ॲम्प्लिफायरचें ॲल्युमिनियमचें कवच कल्लेदार असतें तें हवा खेळावी म्हणून. तें सीटखालीं गालिच्यांत गुंडाळणें किंवा सबवूफरच्या पेटीला उलटें लटकविणें म्हणजे चुलीवर झांकण घालणें होय. मे महिन्यांत उन्हांत उभ्या बंद मोटारीच्या आंत तपमान ५० अंशांच्या वर सहज जातें. तेथूनच ज्याचा प्रवास सुरू होतो त्या यंत्राला लवकर घाम फुटला तर नवल नाहीं. भोंवतीं चार बोटें मोकळी जागा ठेवावी. 'गेन'चा खटका हा आवाज वाढविण्याचा नव्हे, रेडिओच्या दाबाशीं जुळवून घेण्याचा आहे, हेंहि ध्यानांत असावें. 'बास बूस्ट' १२ डेसिबल चढविला, तर त्या सुरांना सुमारें १६ पट शक्ति लागते. ती कोठून यावी याचा विचार खटका फिरविणारा करीत नाहीं.

चौथें कारण स्पीकरच्या बाजूला असतें. दाराच्या बिजागरीपाशीं तार घासून उघडी पडली, आणि दार लावतांना किंवा खड्ड्यांत चाक आदळतांना ती पत्र्याला टेकली, तर ॲम्प्लिफायर तत्काळ बंद होतो आणि पुष्कळदां किल्ली फिरवून पुन्हां चालू करीपर्यंत बंदच राहतो. ओझ्याची जुळणी चुकली तरी असेंच घडतें. दोन भाग एकत्र जोडून सबवूफर चालविण्याची जी रीत आहे, तींत पुष्कळ यंत्रांना किमान ४ ओहम हवे असतात. दोन गुंडाळ्यांचा, ४ आणि ४ ओहमांचा सबवूफर समांतर जोडला, तर २ ओहमच होतात, आणि यंत्राच्या प्रत्येक अर्ध्या भागाला तें १ ओहमासारखें भासतें. तो हलक्या आवाजांत निभावतो, मोठ्यांत हात टेकतो. स्पीकरची तार ॲम्प्लिफायरकडून सोडून मीटरनें मोजल्यास ४ ओहमाचा स्पीकर ३.२ ते ३.६ दाखवितो, हें योग्यच आहे. त्याहून फार खालीं किंवा पत्र्याशीं संबंध दिसला, तर तार उकलून पाहावी.

फ्यूजविषयीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. फ्यूज एकदां उडाला कीं आपोआप परत येत नाहीं. म्हणून जो आवाज स्वतः परत येतो त्याच्या प्रकरणांत फ्यूज लहान असल्याचा आरोप निराधार आहे. बॅटरीजवळचा फ्यूज ॲम्प्लिफायरच्या रक्षणार्थ नसतोच. तो तारेच्या रक्षणार्थ असतो, आणि म्हणून तो बॅटरीपासून सुमारें दीड फुटाच्या आंत हवा. ३० अँपिअर सोसणाऱ्या तारेवर ८० चा फ्यूज घातला, आणि ती तार कोठें पत्र्याला घासून टेकली, तर फ्यूज शाबूत राहतो आणि तार स्वतःच निखारा होते. ही तार माणसें बसतात त्या गालिच्याखालून गेलेली असते.

इतकें सारें पाहूनहि लाल दिवा जात नसेल, तर स्पीकरच्या आणि ध्वनीच्या सर्व तारा सोडून केवळ धन, अर्थ आणि हुकमाची तार एवढ्यांवर यंत्र चालू करावें. दिवा निवळला, तर एकेक तार परत जोडीत जावें. ज्या तारेला तो लाल होतो तिच्याकडे दोष आहे. एकहि तार नसतां तो लालच राहिला, तर मात्र बिघाड पेटीच्या आंत आहे. बहुधा एकादा ट्रान्झिस्टर जळालेला असतो. तेव्हां दुरुस्तीला देण्यापूर्वीं बॅटरीपासून अर्थपर्यंतचे आंकडे कागदावर लिहून बरोबर द्यावे, म्हणजे दुरुस्त होऊन आलेलें यंत्र त्याच जुन्या गंजक्या बोल्टाला पुन्हां जोडलें जाणार नाहीं. नवा जोड केल्यावर पंधरा दिवसांनीं तो एकदां आवळून घ्यावा आणि भाराखालची परीक्षा पुन्हां करावी. मोटारीच्या धक्क्यांनीं नवा बोल्ट थोडासा ढिला होतोच.